बंदरातील जहाजाचा अटकाव आणि जहाजावरील माणूस : कायदेशीर अधिकारांची एक चिकित्सा

गोषवारा

व्यापारी जहाज बंदरात अडवून ठेवण्याचे कायदेशीर अधिकार प्रामुख्याने दोन प्रकारचे आहेत. पहिला अधिकार सुरक्षिततेच्या कारणास्तव प्रशासन वापरते, तर दुसरा दावेदाराच्या मागणीवरून न्यायालय वापरते. प्रस्तुत लेखात या दोन्ही अधिकारांचा उगम, भारतातील त्यांची वाटचाल आणि प्रत्यक्षातील परिणाम यांचे परीक्षण केले आहे. जहाजमालकाचे नुकसान आणि दावेदाराची हमी यांची मोजदाद कायद्याने काळजीपूर्वक केली. मात्र अडवलेल्या जहाजावर दिवस काढणाऱ्या खलाशाच्या काळाची मोजदाद केली नाही, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

बीजशब्द : जहाज-अटकाव, ॲडमिरल्टी अधिकारिता, सागरी धारणाधिकार, खलाशांचा परित्याग, बंदर-राज्य नियंत्रण.

१. प्रस्तावना

आकारमानाचा विचार करता जगातील ८० टक्क्यांहून अधिक मालाची ने-आण समुद्रमार्गे होते. जहाज हे या व्यापाराचे साधन असले तरी कायद्याच्या दृष्टीने ती एक विलक्षण मालमत्ता आहे. तिचा मालक एका देशात, नोंदणी दुसऱ्या देशात, कर्ज देणारी बँक तिसऱ्या देशात आणि खलाशी आणखी चार देशांतील असू शकतात. मालकाचा पत्ता शोधण्यात वर्षे जावीत आणि जहाज मात्र दोन दिवसांत बंदर सोडून जावे, अशी परिस्थिती नेहमीचीच असते. म्हणूनच जहाज ज्या बंदरात असेल तेथेच त्याला अडविण्याचा अधिकार सागरी कायद्याने फार पूर्वीपासून मान्य केला. हा अधिकार नसता तर नादुरुस्त जहाजाला कोणी थांबवू शकले नसते आणि थकलेले देणे कोणाला वसूल करता आले नसते.

या अधिकाराची आवश्यकता वादातीत आहे. प्रश्न त्याच्या रचनेचा आहे. जहाज अडविले म्हणजे नेमके कोण अडते, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकांत क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. संज्ञांची चिकित्सा

या विषयावर मराठीत लिहिताना पहिली अडचण शब्दांची येते. इंग्रजी कायद्यात 'डिटेन्शन' आणि 'अरेस्ट' असे दोन वेगळे शब्द आहेत. प्रशासनाचा अधिकारी जहाजाला निघण्यास मनाई करतो तेव्हा ते 'डिटेन्शन' होय. न्यायालय दाव्याची हमी म्हणून जहाज आपल्या ताब्यात घेते तेव्हा ती 'अरेस्ट' होय. प्रस्तुत लेखात पहिल्यासाठी 'अटकाव' आणि दुसऱ्यासाठी 'अटक' असे शब्द योजले आहेत.

मराठी वृत्तपत्रांत मात्र दोन्ही प्रसंगी 'जहाज जप्त' असाच मथळा बहुधा दिसतो. हा शब्द कायद्याच्या दृष्टीने अचूक नाही. जप्ती म्हटले की मालकी गेली असा अर्थ ध्वनित होतो. अटकावात वा अटकेत मालकी जात नाही. केवळ हालचाल थांबते. दोष दूर केला किंवा हमी भरली की जहाज मोकळे होते. याउलट 'अटक' हा शब्द मराठीत माणसाच्या बाबतीत वापरला जातो, त्यामुळे जहाजाला अटक झाली हे वाक्य कानाला विचित्र वाटते. परंतु या विचित्रपणातच एक सत्य दडलेले आहे. जहाजाला झालेली अटक प्रत्यक्षात माणसेच भोगतात, हे 'जप्ती' या शब्दाने पूर्णपणे झाकले जाते.

३. अधिकाराचा उगम

असुरक्षित जहाज अडविण्याच्या आधुनिक अधिकाराचा जन्म एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये झाला. क्षमतेपेक्षा अधिक माल भरलेली, कुजक्या लाकडाची आणि भरघोस विमा उतरविलेली जहाजे त्या काळी सर्रास समुद्रात लोटली जात. ती बुडाली तरी मालकाचे फारसे बिघडत नसे. अशा जहाजांना 'शवपेटी जहाजे' म्हटले जाई. करारावर सही केलेल्या खलाशाने अशा जहाजावर जाण्यास नकार दिला तर त्याची रवानगी तुरुंगात होत असे. ब्रिटिश संसदेचे सदस्य सॅम्युअल प्लिमसॉल यांनी १८७३ साली 'आवर सीमेन' हे पुस्तक प्रसिद्ध करून या प्रकाराला वाचा फोडली. जुलै १८७५ मध्ये संबंधित विधेयक बाजूला ठेवले गेले तेव्हा त्यांनी सभागृहातच संतापाचा उद्रेक केला. त्यानंतर १८७५ साली तात्पुरता आणि १८७६ साली कायमस्वरूपी कायदा झाला. भारमर्यादेची जी खूण आज जगातील प्रत्येक मालवाहू जहाजाच्या अंगावर दिसते, ती याच लढ्याची निशाणी होय.

या कायद्याने 'बोर्ड ऑफ ट्रेड' या सरकारी खात्याला असुरक्षित जहाज बंदरात अडवून त्याची तपासणी करण्याचा अधिकार दिला. त्याच वेळी मालकाच्या हिताचीही काळजी घेतली. अटकावाला वाजवी कारण नव्हते असे सिद्ध झाल्यास सरकारने मालकाला खर्च व भरपाई द्यावी, अशी तरतूद करण्यात आली. हाच आराखडा पुढे भारताच्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात उतरला. त्यातील कलम ३३६ ने असुरक्षित जहाज अडविण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आणि कलम ३३७ ने अवाजवी अटकावाबद्दल भरपाईचे उत्तरदायित्व सरकारवर टाकले. तक्रारदाराकडून खर्चाची हमी मागण्याची तरतूदही कायद्यात होती. मात्र जहाजावरील एकचतुर्थांश, आणि किमान तीन, खलाशांनी तक्रार केली व ती क्षुल्लक वा खोडसाळ नसली तर अशी हमी मागू नये, असा अपवाद त्यात करण्यात आला.

हा अपवाद लहान असला तरी फार बोलका आहे. अटकावाच्या कायद्यात खलाशाला स्वतःचा आवाज मिळाला तो या ठिकाणी. जहाज थांबवा, असे म्हणण्याचा हक्क त्याला मिळाला. परंतु थांबलेल्या जहाजावरून मला सोडवा, असे म्हणण्याचा हक्क या कायद्याच्या आराखड्यात कोठेही आला नाही. १९५८ च्या कायद्याची जागा घेणारा नवा मर्चंट शिपिंग कायदा संसदेने २०२५ साली संमत केला. त्याच्या अंमलबजावणीचे मूल्यमापन करताना हाच निकष लावावा लागेल.

४. प्रशासकीय अटकाव : बंदर-राज्य नियंत्रण

जहाजावर नियंत्रण ठेवणे ही मुळात ध्वज-राज्याची, म्हणजे ज्या देशात जहाजाची नोंदणी झाली त्या देशाची, जबाबदारी आहे. परंतु सोयीसाठी नाममात्र नोंदणी देणारे देश वाढत गेले तशी ही जबाबदारी कागदावरच राहिली. मार्च १९७८ मध्ये 'अमोको काडिझ' हे तेलवाहू जहाज फ्रान्सच्या किनाऱ्यावर फुटले आणि युरोपातील देशांना जाग आली. १९८२ साली पॅरिस सामंजस्य करार झाला. बंदरात आलेल्या परदेशी जहाजांची तपासणी सदस्य देशांनी एकाच पद्धतीने करावी आणि गंभीर दोष आढळल्यास जहाज अडवावे, अशी ही व्यवस्था आहे. हिंदी महासागरातील देशांनी याच धर्तीवर १९९८ साली करार केला. त्याचे सचिवालय गोव्यात आहे.

अटकावाची प्रत्यक्ष रीत अगदी साधी असते. जहाजाला साखळदंड घातले जात नाहीत. सर्वेक्षक अधिकारी जहाजावर चढतो, दोषांची यादी करतो आणि अटकावाचा आदेश कप्तानाच्या हाती देतो. बंदर व सीमाशुल्क खात्यांना सूचना जाते. निर्गमनाची परवानगी मिळत नाही, म्हणून जहाज हलत नाही. सोलास हा १९७४ चा सुरक्षिततेविषयक करार, प्रदूषणविषयक मारपोल करार, भारमर्यादेचा १९६६ चा करार आणि २००६ चा सागरी श्रम करार हे या तपासणीचे प्रमुख आधार आहेत. शेवटचा करार भारताने २०१५ साली स्वीकारला. खलाशांचे वेतन थकविणे हेही त्यानुसार अटकावाचे कारण ठरू शकते.

सोलास करारात अटकावाच्या अधिकारावर एक महत्त्वाची मर्यादा घातलेली आहे. जहाज अकारण अडकून पडू नये यासाठी सर्व प्रयत्न करावेत आणि तसे घडल्यास झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी, असे तिचे स्वरूप आहे. १८७६ च्या कायद्यातील भूमिकाच येथे आंतरराष्ट्रीय पातळीवर आलेली दिसते. 'अकारण विलंब' मोजला जातो तो मालकाच्या बुडालेल्या भाड्याच्या हिशेबाने. मालकाने दोष दूर करण्यास नकार दिला व तो नाहीसा झाला, तर अटकाव कायद्याच्या भाषेत 'सकारण'च राहतो, मग तो चार वर्षे का चालेना.

५. न्यायालयीन अटक : 'एलिझाबेथ' ते २०१७ चा कायदा

न्यायालयीन अटकेचे तत्त्व वेगळे आहे. यात दावा माणसाविरुद्ध नसून जहाजाविरुद्ध असतो. जहाजाचे नाव प्रतिवादी म्हणून लिहिले जाते. मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन उच्च न्यायालयांना ब्रिटिश राजवटीत ही अधिकारिता मिळाली. तिचा आधार १८६१ व १८९० चे ब्रिटिश कायदे आणि १८९१ चा भारतासाठीचा कायदा हा होता. स्वातंत्र्यानंतर इंग्लंडने आपले कायदे अनेकदा बदलले. भारतात मात्र १८९० चा काळ गोठून राहिला.

ही कोंडी फुटली ती गोव्यातून निघालेल्या एका जहाजामुळे. 'एम. व्ही. एलिझाबेथ' या परदेशी जहाजाने फेब्रुवारी १९८४ मध्ये मुरगाव बंदर सोडले. वास्को येथील निर्यातदार कंपनीला भरणपत्रे न देताच ते निघाले आणि खरेदीदाराने पैसे दिलेले नसल्यामुळे माल देऊ नये, ही कंपनीची सूचना डावलून त्याने संयुक्त अरब अमिरातीत माल उतरवून दिला. एप्रिल १९८४ मध्ये हेच जहाज विशाखापट्टणम् बंदरात शिरताच आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याला अटक झाली. जहाजमालकांचा बचाव असा होता की, १८६१ च्या कायद्यात बंदरात आणलेल्या मालाचा उल्लेख आहे, बंदरातून बाहेर नेलेल्या मालाचा नाही. सबब न्यायालयाला अधिकारच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली हा बचाव फेटाळला. न्यायमूर्ती थॉमेन यांनी दिलेल्या या निकालाने उच्च न्यायालयांची अधिकारिता वसाहतकालीन कायद्याच्या चौकटीपुरती मर्यादित नाही, असे ठरविले. जहाजांच्या अटकेविषयीचा १९५२ चा ब्रुसेल्स करार भारताने स्वीकारलेला नसतानाही त्यातील तत्त्वे विचारात घेता येतात, हेही या निकालाने मान्य केले.

संसदेने मात्र कायदा करण्यास आणखी पंचवीस वर्षे घेतली. २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा १ एप्रिल २०१८ पासून अमलात आला. जुने ब्रिटिश कायदे रद्द झाले आणि किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांना स्पष्ट अधिकारिता मिळाली. कोणत्या दाव्यांसाठी जहाजाला अटक करता येईल, याची यादी कलम ४ मध्ये आणि अटकेच्या अटी कलम ५ मध्ये आल्या.

मालक सधन असेल तेव्हा हा अधिकार किती प्रभावी ठरतो, हे केरळच्या उदाहरणावरून दिसून येते. मे २०२५ मध्ये 'एम. एस. सी. एल्सा ३' हे कंटेनरवाहू जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ बुडाले. बुडालेल्या जहाजाला अटक करणे अर्थातच शक्य नव्हते. केरळ सरकारच्या दाव्यावरून उच्च न्यायालयाने जुलैमध्ये 'एम. एस. सी. अकिटेटा २' या, त्याच समूहाच्या म्हटल्या गेलेल्या दुसऱ्या जहाजाला विळिंजम बंदरात अटकेचा आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या सुटकेसाठी सुमारे १,२२७ कोटी रुपयांची हमी ठरविली. अशा वेळी जहाज हे तारण असते आणि तारण म्हणूनच ते आपले काम करते. मालक जहाजाची काळजी घेत राहतो, कारण त्याला ते परत हवे असते. कायद्याची संपूर्ण रचना याच गृहीतकावर उभी आहे.

६. मालक नाहीसा होतो तेव्हा

हे गृहीतक कोसळते ते मालकाला जहाज नकोसे होते तेव्हा. जहाजावरील कर्ज त्याच्या किमतीपेक्षा अधिक झाले की दुरुस्ती करून वा हमी भरून ते सोडविण्यात मालकाला स्वारस्य उरत नाही. अटकाव हा दबाव आहे. पण दबाव ज्याच्यावर टाकायचा तोच निघून गेला, तर तो दबाव जहाजावर उरलेल्या माणसांवर येऊन पडतो. पुढील तीन उदाहरणे या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण इजिप्तमधील आहे. बहरीनचा ध्वज असलेले 'अमन' हे जहाज जुलै २०१७ मध्ये सुएझजवळील अदाबिया बंदरात अडविण्यात आले, कारण त्याच्या सुरक्षा साधनांची व वर्गीकरणाची प्रमाणपत्रे मुदतबाह्य झाली होती. मालक आर्थिक अडचणीत होता. कप्तान किनाऱ्यावर असताना स्थानिक न्यायालयाने जहाजावरील सीरियन चीफ ऑफिसरला जहाजाचा कायदेशीर रखवालदार नेमले. या नेमणुकीचा अर्थ त्याला पुढे उमगला. दुसरा कोणी जबाबदारी घेईपर्यंत त्याला देश सोडता येणार नव्हता. इतर खलाशी यथावकाश घरी गेले. तो एकटा उरला. जहाजावर वीज नव्हती. २०२० साली वादळात जहाज किनाऱ्याजवळ सरकले, तेव्हा फोन चार्ज करण्यासाठी व अन्न आणण्यासाठी त्याला पोहत जावे लागे. एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे जवळजवळ चार वर्षांनी, त्याची सुटका झाली. त्याच्यावर कोणताही गुन्हा नव्हता.

दुसरे उदाहरण बैरुतचे आहे. 'रोसस' हे मोल्दोव्हाचा ध्वज असलेले जहाज नोव्हेंबर २०१३ मध्ये तेथे पोहोचले. तपासणीत दोष आढळल्याने त्याला निघण्यास मनाई झाली. पाठोपाठ धनकोंनी न्यायालयातून अटकेचे आदेश मिळविले. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडले. कप्तान व अन्य तिघांना २०१४ च्या उत्तरार्धापर्यंत जहाजावरच राहावे लागले. जहाजात २,७५० टन अमोनियम नायट्रेट होते. ते पुढे बंदरातील गोदामात हलविण्यात आले. जहाज २०१८ साली बंदरातच बुडाले आणि ४ ऑगस्ट २०२० रोजी गोदामातील त्या साठ्याचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. प्रशासकीय अटकाव आणि न्यायालयीन अटक हे दोन्ही अधिकार या जहाजावर एकाच वेळी वापरले गेले होते. जहाज सर्वांनी अडविले; त्यातील माणसांची आणि मालाची जबाबदारी मात्र कोणीच घेतली नाही.

तिसरे उदाहरण भारतीयांच्या अधिक जवळचे आहे. मुंबईतील एका कंपनीची 'मालवीय सेव्हन' आणि 'मालवीय ट्वेंटी' ही दोन जहाजे २०१६ साली ब्रिटनमधील अनुक्रमे ॲबर्डीन व ग्रेट यार्मथ येथे वेतन थकल्याच्या कारणावरून अडविण्यात आली. खलाशी भारतीय होते. अटकाव त्यांच्याच बाजूने, त्यांच्याच वेतनासाठी होता, ही येथे लक्षात घेण्याजोगी बाब होय. कंपनी दिवाळखोरीत गेल्यामुळे अटकावातून पैसे आले नाहीत. ॲबर्डीनच्या न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये विक्रीस परवानगी दिली आणि तेथील खलाशी त्या वर्षाच्या अखेरीस परतले. ग्रेट यार्मथच्या जहाजावरील शेवटच्या माणसांना घरी जाण्यास २०१८ उजाडले. दोन्ही ठिकाणी अटकावाने प्रश्न सुटला नाही; तो न्यायालयीन विक्रीने सुटला.

ही उदाहरणे अपवादात्मक मानता येणार नाहीत. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ या एका वर्षात ३१२ जहाजांवरील ३,१३३ खलाशांचा परित्याग झाला. त्यांत भारतीयांची संख्या ८९९, म्हणजे सर्व राष्ट्रांत सर्वाधिक होती. खलाशी पुरविणारा देश आणि जहाजे अडविणारा देश अशा दोन्ही नात्यांनी भारताचा या प्रश्नाशी थेट संबंध येतो.

७. २०१७ च्या कायद्याची चिकित्सा

खलाशांच्या दृष्टीने पाहता २०१७ चा कायदा दोन बाबतींत निश्चितच पुढचे पाऊल आहे. पहिली बाब म्हणजे वेतनाला दिलेला अग्रक्रम. कलम ९ मध्ये सागरी धारणाधिकारांचा क्रम लावताना कप्तान, अधिकारी व खलाशी यांचे वेतन, मायदेशी परत पाठविण्याच्या खर्चासह, पहिल्या स्थानी ठेवले आहे. बँकेचे तारणही त्याच्यानंतर येते. इतर धारणाधिकार एका वर्षानंतर संपुष्टात येतात. वेतनाचा दोन वर्षे टिकतो. दुसरी बाब म्हणजे कलम ११ मधील कालमर्यादा. अटकेनंतर मालकाने जहाजाचा परित्याग केल्यास उच्च न्यायालयाने अटकेपासून वा परित्यागापासून ४५ दिवसांत जहाजाचा लिलाव करावा. कारणे नोंदवून ही मुदत आणखी ३० दिवस वाढविता येते.

या तरतुदींचा हेतू स्तुत्य असला तरी त्यांत तीन उणिवा दिसतात.

पहिली उणीव व्याख्येची आहे. परित्याग केव्हा झाला असे समजावे, याची कसोटी कलम ११ मध्ये दिलेली नाही. मालक कधीच 'जहाज सोडले' असे लेखी कळवत नाही. तो पत्रांना उत्तर देईनासा होतो, मग अन्न पाठवीनासा होतो, मग फोन बंद करतो. सागरी श्रम कराराने या प्रश्नाचे उत्तर आधीच दिलेले आहे. मालकाने मायदेशी पाठविण्याचा खर्च न दिल्यास, पोटापाण्याची सोय न केल्यास, अथवा किमान दोन महिन्यांचे वेतन थकविण्यासह एकतर्फी संबंध तोडल्यास तो परित्याग समजावा, असे त्यातील सुधारित तरतूद सांगते. भारताने हा करार स्वीकारलेला असल्यामुळे हीच कसोटी कलम ११ ला लावणे तर्कसंगत ठरेल.

दुसरी उणीव दोन घड्याळांची आहे. सागरी श्रम करारातील २०१७ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार प्रत्येक जहाजावर विमा वा तत्सम आर्थिक हमी असावी लागते. परित्याग झाल्यास या हमीतून चार महिन्यांपर्यंतचे थकीत वेतन, अन्न, पाणी, आवश्यक इंधन, औषधोपचार आणि घरी जाण्याचा खर्च मिळतो. आता हिशेब मांडून पाहावा. दोन महिन्यांचे वेतन थकले म्हणजे सुमारे ६० दिवस झाले. त्यानंतर लिलावाची कमाल मुदत ७५ दिवसांची. बेरीज १३५ दिवस होते. विम्याचे वेतन-संरक्षण सुमारे १२० दिवसांचे आहे. म्हणजे कागदावर ही दोन घड्याळे जवळजवळ एकाच वेळी वाजतात. उणेपणा जेमतेम पंधरा दिवसांचा राहतो. परंतु हे केव्हा? दोन महिने थकताच अटक झाली आणि कलम ११ ची मुदत तंतोतंत पाळली तर. वेतन पाच-सहा महिने थकल्यावर दावा दाखल झाला, किंवा मूल्यांकन, जाहिरात व फेरनिविदा यांत लिलाव रेंगाळला, तर हा हिशेब कोलमडतो. अटकेच्या कायद्यात विम्याचा उल्लेख नाही आणि विम्याच्या तरतुदीत लिलावाचा नाही. दोन्ही व्यवस्था एकाच माणसासाठी असूनही एकमेकींना ओळखत नाहीत.

तिसरी उणीव रखवालीची आहे. अटकेतील जहाज सांभाळण्यासाठी कोणीतरी जहाजावर असावेच लागते. नांगर सुटू नये, पाणी शिरू नये, आग लागू नये यासाठी किमान मनुष्यबळ अनिवार्य असते. ते कोणाचे असावे, हे कायदा सांगत नाही. म्हणून जे जहाजावर आहेत तेच राहतात. अशा रीतीने वेतनाचे पहिले हक्कदार हेच तारणाचे बिनपगारी रखवालदार बनतात. त्यांच्या श्रमातून टिकून राहिलेल्या जहाजाच्या किमतीवर बँकेसह सर्व धनकोंचे हक्क अवलंबून असतात. मालकाचे अवाजवी अटकेपासून संरक्षण करण्यासाठी दावेदाराकडून नुकसानभरपाईची हमी घेण्याची तरतूद कलम ११ मध्येच आहे. खलाशांच्या अन्नपाण्याची आणि बदली रखवालदारांच्या खर्चाची हमी घेण्याची तरतूद मात्र त्यात नाही.

८. काही आक्षेपांचा विचार

या विवेचनावर काही आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की, खलाशी स्वतःच जहाज सोडण्यास तयार नसतात. हे अनेकदा खरे असते. जहाज सोडले तर वेतनावरचा हक्क गेला, ही भीती त्यांच्या मनात असते. परंतु ही भीती कायद्यावर आधारलेली नाही. सागरी धारणाधिकार हा ताब्यावर अवलंबून नसतो. तो जहाजाला चिकटलेला असतो आणि मालक बदलला तरी जहाजासोबत जातो. दुर्दैवाने 'धारणाधिकार' हा मराठी पारिभाषिक शब्दच या गैरसमजाला खतपाणी घालतो, कारण धारण करणे म्हणजे ताब्यात ठेवणे असाच त्याचा सहज अर्थ होतो. खलाशाने वकीलपत्र देऊन घरी जावे, त्याचा हक्क अबाधित राहतो, ही एक माहिती त्याच्या भाषेत वेळीच मिळाली तरी अनेकांचे महिने वाचतील.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. दावेदाराकडून अशी हमी घेतल्यास लहान दावेदाराला न्यायालयाची पायरी चढणेच अशक्य होईल, असे म्हणता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. त्यावर उपाय म्हणजे हा खर्च अखेरीस लिलावाच्या रकमेतून सर्वांआधी फेडणे. न्यायालयाच्या ताब्यातील मालमत्तेच्या देखभालीचा खर्च प्रथम फेडण्याची प्रथा ॲडमिरल्टी कायद्यात रूढ आहेच. तिचाच विस्तार खलाशांच्या बदलीपर्यंत करावयाचा आहे. शिवाय खलाशीच दावेदार असतील तर, एकचतुर्थांश खलाशांच्या तक्रारीला दिलेल्या जुन्या सवलतीप्रमाणे, त्यांना या हमीतून वगळता येईल.

तिसरा आक्षेप असा की, घाईने केलेल्या लिलावात किंमत कमी येते. परंतु अडकून पडलेले जहाज महिन्यागणिक गंजते आणि त्यावरील बंदरशुल्क वाढत जाते. विलंबाने किंमत वाढते, असे कोणी गृहीत धरू शकत नाही.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. जहाज अडविण्याचा प्रशासकीय अधिकार खलाशांचा जीव वाचविण्यासाठी जन्माला आला; कालांतराने त्याची मोजपट्टी मालकाचे नुकसान ही झाली. न्यायालयीन अटकेचा अधिकार भारतात 'एलिझाबेथ'च्या निकालाने व २०१७ च्या कायद्याने सक्षम झाला. सधन मालकाविरुद्ध तो परिणामकारक आहे. मालक नाहीसा झाल्यास मात्र दोन्ही अधिकार जहाज धरून ठेवतात आणि माणसांना विसरतात.

त्यासाठी अधिकार कमी करण्याची आवश्यकता नाही. तो पूर्ण करण्याची आहे. अटकाव वा अटकेच्या प्रत्येक आदेशात जहाजावर किती माणसे आहेत, त्यांचे वेतन केव्हापासून थकले आहे आणि अन्नपाणी किती दिवसांचे उरले आहे, याची नोंद सक्तीची करावी. सागरी श्रम करारातील व्याख्येनुसार परित्याग निश्चित होताच कलम ११ ची मुदत आपोआप सुरू व्हावी व त्याच दिवशी विमा कंपनीला सूचना जावी. ठरावीक दिवसांत बदली रखवालदार नेमून मूळ खलाशांना घरी पाठवावे. यांपैकी बऱ्याच गोष्टी उच्च न्यायालयांना आपल्या नियमांद्वारे व आदेशांद्वारे करता येण्यासारख्या आहेत. प्रत्येक गोष्टीसाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्लिमसॉल यांच्या काळात नादुरुस्त जहाजावर चढण्यास नकार देणारा खलाशी तुरुंगात जात असे. आज तशाच जहाजावर चढलेल्या खलाशाला उतरता येत नाही. या दोन अवस्थांच्या मधली दीडशे वर्षे कायद्याने जहाजाचा विचार केला. जहाज बंदरात अडविण्याच्या आदेशावर सही करताना त्यावर नेमकी किती माणसे आहेत, हे विचारणे ही पुढील सुधारणेची पहिली पायरी ठरेल.